भाकरी मोडत न्हाय

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी एका बाईचं ताट वेगळं झालं. बाई साठीच्या पुढची. बोटं वाकडी झालेली, मनगटं सुजलेली आणि चार महिन्यांपासून कोरडा खोकला. तपासणी काहीच झालेली नव्हती. पण सुनेनं सासूच्या ताटाला, तांब्याला, पेल्याला खालून नखांचा लाल रंग लावून ठेवला होता, भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून.

"खबरदारी घेतलेली बरी ना, आजी," ती मला म्हणाली.

"घे की," मी म्हणाले. "म्या पण घेतली होती. आमच्या येळंला नखाचा रंग न्हवता, म्या सुतळी बांधली होती."

ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं. थट्टा मी करतेच, पण सुतळी खरी होती. घरी आले, नातीची अर्धी कोरी वही काढली आणि लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, औषधांची नावं मला विचारू नका. आमच्या घरात हे दुखणं आलं तेव्हा मी काय काय मूर्खपणा केला, तेवढं मला नीट आठवतं. ज्यांच्या घरी आज तसंच काही चाललंय त्यांना तेवढंही पुरेल.

पंधराव्या वर्षीची मी

माझं माहेर माकणीचं. मुरुमला दिली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. निझामाचं राज्य होतं, दूर कुठंतरी मोठं युद्ध चाललं होतं आणि रॉकेल मिळत नव्हतं. माझी वेणी कंबरेच्या खाली यायची आणि भावाच्या पाटीवर गिरवून मी चार अक्षरं शिकले होते. या दोन गोष्टींच्या जोरावर मी स्वतःला फार शहाणी समजायचे. वेणी गेली. शहाणपण तेव्हाही नव्हतं.

घरात आम्ही तिघंच. माझे यजमान, त्यांना मी 'हे' म्हणेन. ते धान्याची आडत बघायचे. मी. आणि सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई विधवा, साठीला आलेल्या, उंच आणि कमी बोलणाऱ्या. बोलल्या तर मराठीत, आणि रागावल्या किंवा काही दुखलं-खुपलं की कानडीत. त्यामुळं त्या कानडीत काही पुटपुटल्या की मी लांब पळायचे. रागावल्यात की दुखतंय हे विचारायला कधी थांबले नाही.

आम्ही लिंगायत. प्रत्येकाचं लिंग त्याच्या त्याच्या गळ्यात. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, त्याच्याकडं बघत बसायचं. ज्याचं त्यानंच धरायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. आत्याबाईंनी हे एक दिवस चुकवलं नव्हतं. आणि आत्याबाई जेवल्याशिवाय सुनेनं जेवायचं नाही, हा आमच्या घरचा दुसरा नियम. दोन्ही नियम एकत्र केले की माझी उपासमार होते, हे मी आठ दिवसांत ओळखलं.

ऊन, रांजण आणि जातं

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण अंगणाची पश्चिमेकडची भिंत होती. सूर्य वर आला की ऊन आधी भिंतीतल्या वरच्या कोनाड्यात पडायचं, मग उतरत उतरत रांजणाच्या तोंडावर यायचं आणि शेवटी खाली जात्यावर.

लग्न झालं त्या वर्षी ऊन कोनाड्यात असतानाच आत्याबाईंची पूजा संपायची. आम्ही भाकरी खायचो. दुसऱ्या वर्षी पूजा लांबली. ऊन रांजणावर यायला लागलं तरी त्या मागच्या दाराशी भिंतीकडं तोंड करून, अंगावरून शाल घेऊन बसलेल्या. तिसऱ्या वर्षी ऊन जात्यावर आलं तरी पाठ माझ्याकडंच.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही बाई मला मुद्दाम उपाशी ठेवते. भक्ती वाढली म्हणावं तर ती माझ्या भुकेच्या वेळेलाच कशी वाढते? त्यात मला दिवस गेले. पोटात आग पडायची. मी चुलीपुढं बसून भिंतीकडं बघायची आणि मनात एक एक टप्पा धरून ठेवायची. आज रांजणाच्या खाली गेलं. आज जात्याच्या दगडाला टेकलं. माहेरी गेल्यावर आईला सगळं सांगायचं होतं ना! चाडी करायची तर पुरावा पक्का पाहिजे.

मग मी एक युक्ती काढली. जात्याच्या तोंडात फुटाण्यांची पुरचुंडी लपवायची आणि आत्याबाईंची पाठ असेपर्यंत गपचूप खायची. फुटाणे चावताना आवाज होतो, म्हणून मी ते तोंडात ठेवून भिजू द्यायची. एवढी मी हुशार.

याच काळात आत्याबाईंनी दळण माझ्या गळ्यात टाकलं. "आता तू दळ," एवढंच म्हणाल्या. थापणंही माझ्याकडं आलं, कपडे पिळणंही आलं. त्यांचे हात सारखे पदराखाली असायचे. मी शेजारणीला सांगायची, "आमच्या आत्याबाई आता सावकारीण झाल्यात. हाताला पाणी लागू देत न्हायत."

'दिक'

पहिल्या बाळंतपणाला मी माकणीला गेले आणि मुलगी झाली. चार महिन्यांनी परत आले तर आत्याबाई निम्म्या झालेल्या. गाल बसलेले. कोरडा खोकला, ठसका लागला की थांबायचा नाही. मागच्या दारापासून चुलीपर्यंत चालल्या तरी भिंतीला धरून उभ्या राहायच्या. संध्याकाळी अंग कोमट लागायचं.

ह्यांनी गावातल्या हकीमसाहेबांना आणलं. भला माणूस. त्यांनी नाडी बघितली, पाठीला कान लावला आणि बाहेर येऊन ह्यांना म्हणाले, "शेटजी, दिकचा शक है. शक है, यकीन नहीं. सोलापूरला न्या, तिथं छातीचा फोटो काढायची मशीन आहे. देर मत करो."

दिक म्हणजे क्षय. त्या वेळी क्षय म्हणजे काय, हे आजच्या लोकांना सांगूनही कळणार नाही. आज त्याची गोळी आहे. तेव्हा नाव निघालं की घराला लोक वळसा घालून जायचे. हकीमसाहेब शंका म्हणाले होते. खात्री मी केली.

मीच केली. ह्यांनी नाही. चार महिन्यांची पोर पोटाशी धरून मी ह्यांना म्हणाले, "एकतर त्यांची सोय येगळी करा, न्हायतर मी पोरीला घेऊन माकणीला चालले."

"आई हाय ती माझी," हे म्हणाले.

"आणि ही कोण हाय?"

हे आडतीवर निघून गेले. आत्याबाईंनी आतून ऐकलं होतं. संध्याकाळी त्या आपणच उठल्या, आपली वळकटी बगलेत मारली (हातात नाही, बगलेत, हेही मला तेव्हा दिसलं नाही) आणि परसातल्या कोठीत गेल्या. त्या कोठीत तुरीची आणि ज्वारीची पोती असायची. वारं नाही, सगळीकडं भुसा. मला ती जागा चांगली वाटली, कारण ती लांब होती.

त्यांच्या ताटाच्या कडेला भोक होतं, त्यातून मी सुतळी ओवली. तांब्याच्या गळ्याला सुतळी बांधली. ताट कोठीच्या उंबऱ्यावर ठेवायचं, "आत्याबाई, जेवा" म्हणायचं आणि पदर नाकाला लावून परत यायचं. पोरीला त्यांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं. आमच्यात बाळाला लिंग बांधायचा विधी असतो, तेव्हा बाळ आजीच्या मांडीवर असावं अशी घरची रीत. विधी करणाऱ्या स्वामींना मी निरोप पाठवला, सध्या नको.

भाकरी रोज तशीच्या तशी परत यायची. कालवण संपलेलं असायचं, भाकरीचा कधी कोपरा गेलेला, कधी तोही नाही. मी ह्यांना दाखवायची. "बघा, अन्न जात न्हाय. दिकात असंच होतंय म्हणं."

नाका

सोलापूरला जायला ह्यांना तीन महिने लागले. सुगी होती, मोटारी कमी होत्या, आणि खरं सांगायचं तर फोटोत काय निघेल ह्याची त्यांना भीती होती. शंका आहे तोवर आई परसात तरी होती. खात्री झाली की लोक गावातही राहू देणार नव्हते, शेताच्या टोकाला खोप बांधून द्यावी लागली असती. तशी एका घरानं बांधलेली आम्ही बघितली होती. त्या खोपीतून माणूस परत आलं नव्हतं.

पहाटे बैलगाडीनं निघालो, सडकेला मोटार धरली. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, चढ आला की उतरून ढकलायची. मी पोरीला घेऊन अगदी मागं, आत्याबाई अगदी पुढं. मध्ये हे, दोन्हीकडं बघत.

हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. निझामाच्या मुलखातून इंग्रजांच्या मुलखात जाताना तिथं गाठोडी उघडून दाखवायची. शिपायानं सगळ्यांची झडती घेतली आणि आत्याबाईंपुढं थांबला. त्यांची डावी मूठ आवळलेली होती.

"मुठ्ठी खोलो, बुढी माँ."

आत्याबाईंनी मूठ छातीशी धरली.

"क्या छुपाया है? सोना? खोलो!"

हे म्हणाले, "आई, उघड की मूठ. काय हाय त्यात?"

"उघडत न्हाय," आत्याबाई म्हणाल्या.

शिपायाला तो हट्ट वाटला. मलाही तो हट्टच वाटला, चार वर्षं मी दुसरं काय बघत होते? त्यानं दोन बोटं धरून ओढली आणि आत्याबाई ओरडल्या, "अव्वाऽ!" म्हणजे आई गं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा ओरडण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. मोटारीतले सगळे वळले.

मुठीत त्यांचं लिंग होतं. गाडीत अंधारातच त्यांनी पूजा करायचा प्रयत्न केला होता. लिंग तळहातावर घेतलं आणि बोटं मिटली, ती उघडेनात. गळ्यातली दोरी मुठीतून बाहेर लोंबत होती, ती कुणी बघितलीच नव्हती.

शिपायानं हात मागं घेतला. कानाला लावला. "माफ करना, अम्मा. माझ्या आईचा पण हात असाच झालाय," तो म्हणाला आणि आमची गाठोडी न बघताच पुढं गेला.

मी मागं बसून त्या मुठीकडं बघत राहिले. बोटांचे सांधे बोरांसारखे सुजलेले, तांबडे. ऊन वर आलं, मोटार तापली आणि सोलापूरच्या अलीकडं केव्हातरी ती मूठ हळूहळू आपणच उघडली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. पूर्ण पडला असं नाही, मी तेवढी हुशार कधीच नव्हते. पण शालीखाली त्या रोज काय करत होत्या, हे मला कळलं.

जात्यापर्यंत

दवाखाना मोठा होता. आत्याबाईंना व्हरांड्याच्या टोकाची खाट दिली, संशयितांसाठी ठेवलेली. थुंकीसाठी झाकणाचा पत्र्याचा पेला दिला. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी छाती तपासली, पाठीवर बोटांनी टकटक केलं. मग हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

"आजी, सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात?"

"थोडा येळ," आत्याबाई म्हणाल्या.

"थोडा म्हणजे?"

"थोडा."

डॉक्टरांनी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी जमिनीकडं बघितलं. आईची बोटं आखडतात हेच त्यांना सकाळी नाक्यावर कळलं होतं.

मी खांबाआडून म्हणाले, "जात्यापर्यंत."

सगळे माझ्याकडं वळले. सासूपुढं आणि परक्या पुरुषापुढं मी तोंड उघडलं होतं. पण आता उघडलंच होतं, तर मी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी ऊन कोनाड्यात असताना हात उघडायचे. पुढच्या वर्षी रांजणाचं तोंड. त्या दिवाळीला रांजणाची कंबर. संक्रांतीनंतर जात्याचा दगड. पावसाळ्यात ऊन नसायचं, पण पूजा आणखी लांबायची, हेही सांगितलं.

"थंडीत आणि उन्हाळ्यात ऊन सारख्या वेळी पडत नाही, बाई," डॉक्टर म्हणाले.

"मला ठाव हाय. पण भूक बारा महिने एकाच येळंला लागती."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरं. मग मला हे सांगा, आधी काय आलं? बोटं की खोकला?"

"बोटं. ऊन जात्यावर आलं, त्याच्या बी नंतर मी बाळंतपणाला गेले. तवर खोकला न्हवता."

"म्हणजे दोन वर्षं आधी?"

"दोन वर्सं आन् वर."

"हे तुम्ही लिहून ठेवलं होतं?"

"न्हाय जी," मी म्हणाले. "मी चाडी करणार होते."

डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. ते भराभरा लिहायला लागले. लिहिता लिहिता आत्याबाईंना विचारलं, "वजन फार उतरलंय. जेवण जात नाही?"

"जेवण जातं की," आत्याबाई म्हणाल्या. "भाकरी मोडत न्हाय."

मला सुतळीचं ताट दिसलं. त्यावर थंड होऊन कडक झालेली, मी थापलेली ज्वारीची भाकरी. कालवण संपलेलं. तीन महिने ती बाई हातानं तुकडा पडत नाही म्हणून उपाशी राहिली, आणि मी ती भाकरी पुरावा म्हणून नवऱ्याला दाखवत होते.

वाट बघण्याचे दिवस

दवाखान्यातला दिवस फार लवकर सुरू होतो आणि संपता संपत नाही. पहाटे ताप बघायची काचेची नळी तोंडात. मग पेल्यातली थुंकी न्यायला माणूस. मग झाडलोट. मग काही नाही. मग डॉक्टर. मग पुन्हा काही नाही.

एका दिवशी छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून ह्यांना दाखवला. फुफ्फुसाच्या तळाशी कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी होतं आणि एका बाजूला पाणी साठलेलं. ते पाणी पाठीतून सुई घालून काढलं. आत्याबाईंनी माझं मनगट दोन हातांत धरलं होतं. बोटांना जोर नव्हता, नुसते हात टेकवलेले. तांब्याभर पिवळसर पाणी निघालं. "हे पण तपासायला पाठवतो," डॉक्टर म्हणाले. त्या दुपारी आत्याबाई कित्येक महिन्यांनी उशाला टेकून सपाट झोपल्या.

नगरकडची एक सिस्टर होती. ती रोज सकाळी कोमट पाण्याचं घमेलं आणून आत्याबाईंचे हात त्यात बुडवून ठेवायची. बोटं अर्ध्या वेळात उघडायची. एवढी साधी गोष्ट. आमच्या चुलीवर रोज पाणी तापायचं, चार वर्षं. सिस्टरनं त्यांना खिरीचा वाडगा आणि चमचा दिला. आत्याबाईंनी चमचा मुठीत धरला, पोरं धरतात तसा, आणि वाडगा चाटूनपुसून स्वच्छ केला.

माझं आणि ह्यांचं त्याच दिवसांत एक भांडण झालं. हे पोरीला घेऊन आवारातल्या लिंबाखाली फिरत होते. पोरीला त्यांनी आधी कधी धरलं नव्हतं. ज्वारीचं पायलीचं माप धरावं तसं धरलं होतं.

"तुझ्या हट्टापायी आई पोत्यात राहिली," ते म्हणाले.

"माझा हट्ट व्हता. तुमची जीभ कुटं व्हती?"

"तू माकणीला जाते म्हणालीस."

"म्हणाले. गेले असते का न्हाय, ते मला बी ठाव न्हाय."

पोर रडायला लागली, भांडण तिथंच राहिलं. खरं म्हणजे आम्ही दोघंही एकाच गोष्टीला भीत होतो. थुंकीत जंतू निघाले तर काय? माझी चाडी, माझं ऊन, रांजण, सगळं वाया. मग त्या बाईला आपण शेताच्या टोकाला नेऊन सोडणार. आणि सोडणारी मीच असणार, कारण पोर माझी होती. बोटं आखडतात म्हणून क्षय होतच नाही असं थोडंच आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं.

निकाल

तीन वेळा थुंकी तपासली. चौथ्या दिवशी डॉक्टर नेहमीच्या वेळेच्या आधी आले आणि खाटेच्या कडेवर बसले. संशयिताच्या खाटेवर. तोवर ते उभे राहून बोलायचे.

"आजी, जंतू नाहीत. थुंकीत नाहीत, पाण्यातही नाहीत. मला हा क्षय वाटत नाही. ज्या दुखण्यानं तुमची बोटं धरली, त्याच दुखण्यानं फुफ्फुसालाही सूज आणलीय. असे रोगी मी थोडेच बघितलेत, पुस्तकातही फार लिहिलेलं नाही. पण सुनेनं सांगितलेला क्रम, हात, फोटो, सगळं एका दिशेला जातंय."

"बरं हुईल का?" ह्यांनी विचारलं.

"मुळातून बरं होईल असं मी म्हणणार नाही. सूज उतरायच्या गोळ्या देतो. चांगलं, मऊ खायला घाला. ऊब ठेवा. धूळ, धूर अजिबात नको. झोपतात कुठं?"

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "पोत्याच्या कोठीत. म्या ठेवल्यात."

"मग आज घरी गेल्यावर पहिलं काम ते," डॉक्टर म्हणाले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"आन् लागट हाय का?" आत्याबाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी स्वतः विचारलेला तो एकच प्रश्न.

"नाही, आजी. कुणाला लागत नाही."

डॉक्टर गेले. मी पोरीला उचललं आणि खाटेपाशी गेले. पाया पडावं की माफी मागावी की पोर मांडीवर ठेवावी, मला कळेना. मी तिन्ही एकदम करायला गेले आणि पोरीचं टाळकं खाटेच्या गजाला आपटलं. ती भोकाड पसरून रडायला लागली.

"ठिव तिला खाली," आत्याबाई म्हणाल्या. "पोर कुटं पळून जाती का? आदी मला भाकरी कुस्करून दे. दुधात. लई दिस झालं भाकरी खाऊन."

मी भाकरी कुस्करली. अगदी बारीक. त्या चमचा मुठीत धरून खात होत्या. निम्मं झाल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "काय बघलालीस? तू बी खा. इथं काय जातं न्हाय फुटाणे लपवायला."

मी वाडगा खाली ठेवला.

"तुम्हाला ठाव व्हतं?"

"भितीकडं तोंड करून कशाला बसत व्हते मग? पोटुशी पोर, उपाशी. खा म्हणावं तर तू इचारणार, तुम्हाला का येळ लागलालाय. मग हात दाखवावा लागला असता."

"दाखवायचा की आत्याबाई!"

"आन् काय सांगायचं? लिंग धरायला हात न्हाय ऱ्हायला म्हणून? मग म्या कशाची गं? बसले आपली पाठ करून. तू फुटाणे भिजवून खायचीस. चावून खाल्लं असतंस तरी म्या वळले नसते."

मग पोरीला मांडीवर घेतलं. हात वाकडेच होते, म्हणून मी पोरीच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या. पोरीनं लगेच त्यांचं लुगडं भिजवलं. आत्याबाई कानडीत काहीतरी म्हणाल्या. त्या दिवशी मी लांब पळाले नाही.

पुढं

आत्याबाई त्यानंतर पाच वर्षं जगल्या. निझामाचं राज्य गेलेलं त्यांनी बघितलं, नाका उठलेला बघितला. खोकला पुरता कधी गेला नाही. काही महिने बरे जायचे, मग दम लागायचा. दोनदा पुन्हा सोलापूर झालं. शेवटी श्वासानंच गेल्या, हे मी लपवत नाही. पण गेल्या त्या माजघरात, नातीला शेजारी घेऊन, बिनसुतळीच्या ताटात जेवून.

परवा मी शेजारच्या सुनेला हे सगळं सांगितलं. म्हटलं, आधी तपासणी कर. क्षय निघाला तर आज त्याला औषध आहे, न निघाला तर ह्या दुसऱ्या दुखण्यालाही माझ्या वेळेपेक्षा चांगलं औषध आहे. ती म्हणाली, "पण आजी, डॉक्टर विचारतील ते मला काय माहीत? मी काही सासूबाईंकडं एवढं बघत नाही."

"मग तुझं न् तिचं भांडण तरी कशावर होतंय?" मी म्हणाले. "राग धरायचाच असला तर नीट बघून धर. कवा उठती, कवा तिचं हात उघडत्यात, ताटात काय उरतंय, सगळं ध्यानात ठिव. उपेगी पडतंय."

ती गुरुवारी सासूला घेऊन लातूरला चाललीय. ताटाचा लाल रंग तिनं अजून काढलेला नाही. असू दे. माझी सुतळी सोलापूरहून आल्यावर सुटली, आणि तीही लगेच सुटली नव्हती. गाठी मीच बांधलेल्या, घट्ट बसल्या होत्या. शेवटी विळीवर कापली.

सोलापूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेल्यात कोमट पाणी घेऊन मागच्या दाराशी गेले. आत्याबाई शाल घेऊन भिंतीकडं तोंड करून बसल्याच होत्या. मी त्यांच्यापुढं, भिंतीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन बसले. बोटं पाण्यात हळूहळू सैल झाली. लिंग तळहातावर घेतलं तर हात थरथरायला लागला. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या हाताला हात लावायचा नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. मी माझा डावा तळहात त्यांच्या तळहाताखाली धरला. त्यांनी हात काढून घेतला नाही. भस्म लावलं, बेल वाहिला, डोळे लावून बसल्या. माझा हात खाली अवघडून गेला.

पूजा झाली. मी भाकरी कुस्करायला उठले तेव्हा सवयीनं भिंतीकडं बघितलं. ऊन कोनाड्यातच होतं.